सात ताटांचं घर

हॅलो?

हॅलो… कोण?… अगं तू होय! थांब, थांब, हात पिठात आहेत. कोपरानं दाबलंय, स्पीकरवर गेलंय बहुतेक. राहू दे तसंच फळीवर… हं. बोल.

काय?… अगं मोठ्यानं बोल, पिठाचा मिक्सर चालू आहे…

— ए पैलवान, बंद कर गं तो जरा! पोरीचा फोन आहे. काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

हां. आता बोल.

जेवलीस का?… मग कधी जेवणार, दुपार टळली की… रांगेत? कसली रांग?… फीच्या खिडकीवर. अजून?… सकाळपासून? अगं मग पाणी तरी पी घोटभर.

नाही, बाबा नाहीत. गिरणीत गेलेत, गाडीवरच्या पोराला, हॉर्नला घेऊन. एक पोतं ओलं निघालं, ते परत करायला… फोन कसा उचलतील, फोन इथं गल्ल्यावर पडलाय. अच्छा, मघाशी तूच करत होतीस होय त्यावर! मला वाटलं कुणीतरी केकवालं असेल, उद्याचा केक आज मागणारं.

काय झालं ते सांग ना आता.

हं… हं… अनुदानाचा अर्ज… हो, बाबांनीच भरला होता. माझ्यासमोर… हं…

सात. बरोबर आहे. मग?

अगं, 'घरात किती माणसं' असं विचारलं होतं त्यात. बाबा टेबलाशी बसून भरत होते. मला म्हणाले, किती गं आपण? मी ताटं मांडत होते. मागं न बघता म्हटलं, सात.

का म्हणजे? सात ताटं मांडते मी रोज. मांडते की नाही?

हसतेस काय?… कोण हसतंय?… खिडकीवरच्या बाई पण?… हसू देत. हसणारा माणूस बरा. मला वाटलं ओरडतायत.

नाती सांगायची? प्रत्येकाचं नातं?… बरं. सांगते, लिहून घे. मी. बाबा. तू. भट्टीमामा. पैलवान. हॉर्न. घड्याळवाले काका. झाले सात. बरोबर आहे की हिशेब!

अगं घड्याळवाले काका कोण म्हणजे काय… हो, त्यांना कसं माहीत असणार. सांग, शेजारच्या दुकानातले. काकू मंगळवारी बहिणीकडे जातात, तेव्हा ते आपल्याकडे जेवतात… हो, फक्त मंगळवारी. पण ताट रोज मांडते मी. समजा एखाद्या दिवशी आले तर… तसं असेल तर त्यांना अर्धं धरतात का विचार… विचार ना, विचारायला काय जातं… नाही धरत. बरं.

हं… हं… म्हणजे आपल्याच छपराखाली राहणारं आणि आपल्याच कमाईवर चालणारं, एवढंच घर… अच्छा. असं स्पष्ट लिहायचं मग अर्जात. 'घरात किती' विचारल्यावर माणूस काय सांगणार, दिसतील तेवढी सांगणार.

हॉर्न गेला मग. तो त्याच्या आईकडे राहतो.

— पैलवान, ऐकलंस का, तू आमच्या घरातली नाहीस गं. कॉलेज म्हणतंय… — हो हो, ताट राहील. ताट कुठं जातंय तुझं.

ती म्हणतेय हे आधी सांगितलं असतं तर काल भांडी घासली नसती.

बरं मग. काका गेले, हॉर्न गेला, ही गेली. मामा… मामाही कामगारच झाले की. भट्टीवरचे. राहिलो आपण तीन. तीन लिहा म्हणावं. खोटं नको बाई.

त्या बाई रागावल्या नाहीत ना? मुद्दाम केलं असं तर नाही वाटलं त्यांना?… चूक म्हणून दुरुस्त करून घेतात. चांगल्या आहेत मग.

हं. आता अनुदान कमी होणार… किती?… निम्म्याच्या जवळपास?

…

अगं बाई.

नाही, नाही, आहे मी. पिठाचा गोळा वळत होते. बोल… आजच? खिडकी बंद व्हायच्या आत?… नाही सांगितलं तर?… जागा दुसऱ्याला. हं.

हे बघ, घाबरायचं नाही. अगं ऐक ना… हो, हो, कळलं मला… ऐक ना माझं. तू एकेक सांग. मी इथं ट्रे भरतेय, एका गोळ्याला एक गोष्ट सांग. समजलं मला की पुढचा गोळा. सगळं एकदम ओतू नकोस. माझंही डोकं हेच आहे, नवीन आणलेलं नाही.

हं. अनुदान. ते परत करायचं नाही, बरोबर?… कधीच नाही? नोकरी लागल्यावरसुद्धा?… मग बदल्यात काय मागतात?… मार्क. एवढंच? दर वर्षी मार्क टिकवायचे… ते तर तू तसंही करतेस. झाला एक गोळा.

पुढं… कर्ज. कर्ज दोन तऱ्हेचं… पहिलं… हं… शिकून होईपर्यंत व्याज नाही… शिक्षण संपलं की मग सुरू… कळलं. म्हणजे खमीर न घातलेलं पीठ. ठेवलं तसं पडून राहतं. आणि दुसरं?… पहिल्या दिवसापासून. तू वर्गात असताना पण?… झोपेत पण?… हे खमीर घातलेलं म्हण. झाकून ठेवलं तरी झाकण उचलून बाहेर येणार.

मग पहिलंच घे की… मर्यादा आहे. हं. तेवढ्यात नाही भागत. अनुदान कमी पडलं म्हणून खाली भोक राहतं, ते दुसऱ्या कर्जानं बुजवायचं. बरोबर? बघ, शिकतेय मी.

— थांब हं, गल्ल्यावर कोणीतरी आलंय. — कालचा पाव का? डाव्या टोपलीत आहे, घ्या. कुत्र्याला ना? घेऊन जा तसाच. — हं, पोरीचा फोन. कॉलेजात आहे ती. — सांगते, सांगते.

शिंपीणकाकू होत्या. तुला आशीर्वाद सांगितलाय. तो कुठल्या रकान्यात बसतो ते बघ.

हं, तिसरं. कमवा-शिका. म्हणजे?… तिथंच कॉलेजात काम करायचं… आठवड्याला ठरलेलेच तास, जास्त नाहीत… पगार फीत कापत नाहीत, महिन्याला हातात देतात… हं… जेवणखाण, वह्या निघतील…

नाही.

नाही म्हटलं ना… अगं कामाला नाही म्हणत मी. कामाला मी कशी नाही म्हणेन? कोपरापर्यंत पिठात उभी आहे. कुठलं काम ते तर सांग… ग्रंथालय? चांगलं आहे की, सावलीत बसून… भरलं? ऑफिसातलं?… तेही भरलं. मग काय राहिलं?

काचघर. म्हणजे झाडांचं?… वनस्पतीवाल्यांचं. रोपं असतात, त्यांना ऊब द्यायची, ऊन चढायच्या आत झडपा उघडायच्या… आणि ते कुणी घेतलं नाही. का बरं? काम तर सोपं वाटतंय…

किती वाजता?

…

पहाटे.

हं. म्हणूनच कुणी घेतलं नाही.

नाही. हे बघ, ऐक माझं. अगं ऐक ना! जन्मल्यापासून तुझ्या खाटेखाली भट्टी. बाकीची दुनिया झोपलेली असते तेव्हा आपल्या जमिनीतून धडधड सुरू होते. शाळेत तू पहिल्या तासाला डुलक्या काढायचीस. बाईंनी चिठ्ठी पाठवली होती, मुलीला वेळेवर झोपवत जा म्हणून. अगं वेळेवर झोपवायची मी! उठवायला मी जात नव्हते, मिक्सर उठवायचा.

तुला सोडायला आलो ना वसतिगृहात, तेव्हा तू खाली सह्या करत होतीस. मी खोलीचा पडदा ओढून बघितला. जाडजूड पडदा. भर दुपारी मिट्ट काळोख! मी तिथं उभी राहिले जरा वेळ. मनात म्हटलं, चला. पोरगी झोपेल आता. लोकांच्या पोरी शिकायला जातात, माझी झोपायला गेली असं समजून मी घरी आले. आणि तू म्हणतेस पहाटे काचघर.

हो, कळतंय मला. बोल… नको बोलूस, आधी पाणी पी.

…

काय?… मामांचं काय?… अगं झालं ना मामांचं, कामगार…

हळू बोल.

तिथंच आहेत, भट्टीजवळ स्टुलावर… नाही गं, त्यांना नाही ऐकू येत. मिक्सर चालू असला की समोर उभं राहून ओरडलं तरी 'काय?' म्हणतात. पण तू आपली हळू बोल.

हो, राहतात आपल्याकडेच. तुला माहीतच आहे की, तुझ्या पलीकडची खोली. तुझ्या आजोबांच्या वेळेपासून… पगार? देतो की! पहिल्या तारखेला बाबा पाकीट देतात. मामा घेतात, खिशात ठेवतात, वरून थोपटतात… आणि… आता कसं सांगू… संध्याकाळपर्यंत पाकीट परत गल्ल्यात आलेलं असतं. कोण ठेवतं ते आम्ही बघत नाही. पुढच्या महिन्यात तेच पाकीट. कोपरे झिजलेत त्याचे.

तुला माहीत होतं?… कधीपासून?… बघा! मला वाटायचं मी आणि बाबाच.

हं… म्हणजे ते आपल्या छपराखाली, आपल्याच कमाईवर… मग धरता येतं त्यांना? नातं नसलं तरी?… अगं मग धर ना! चार कर… चार धरले की अनुदान… हं… आणि ते फुगणारं कर्ज लागतच नाही? अजिबात? मग अडलंय कुठं? एवढा वेळ माझे गोळे मोजत बसलीस, हे आधी नाही का सांगायचं!

काय लिहून द्यायचं?

पुन्हा वाच.

'सदर व्यक्ती कोणतेही काम करत नाही व सर्वस्वी आमच्यावर अवलंबून आहे.'

…

आणि त्या बाई फोन करून त्यांनाच विचारणार?… 'तुम्ही काम करता का' असं? मामांना?

…

नाही गं.

अगं, काम करत नाहीत म्हणजे काय? डोळ्यांना दिसेनासं झाल्यापासून ट्रे उचलत नाहीत, ते खरं. पण भट्टी त्यांच्याशिवाय सुरू होते का? तूच सांग. तापली की मामा उठतात, दारापुढं हात धरतात, उलटा, आणि म्हणतात 'आता'. मग ट्रे आत… हो, आहे आकडा भट्टीला. माहितीय. टिंग होतं तापली की. मला काय कान नाहीत? टिंग झालं तरी आम्ही हलत नाही. पैलवान ट्रे धरून उभी असते, मी उभी असते, बाबा हातातलं टाकून येतात. मामा म्हणतात 'आता', मग. हे काम नाही तर काय आहे?

आणि तू लिहून देणार, 'कोणतेही काम करत नाही.' आणि मी खाली सही करणार. आणि उद्या पहाटे त्यांच्यासमोर ट्रे धरून उभी राहणार.

नको. लिहू नकोस.

तीनच राहू देत… ते दुसरं कर्ज घे. फुगणारं. फुगू दे. आपण फुगलेल्या पिठाचंच तर खातो. बाबांचं मी बघते, बाबांनाही असंच वाटेल.

काय म्हणालीस?… तुझंही तेच मत होतं? मग फोन कशाला केलास?… एकटीनं 'नाही' म्हणवत नव्हतं. हं.

बरं केलंस. दोघींचं मिळून झालं आता. सांग त्या बाईंना…

— काय गं? खुणा काय करतेस मघापासून? बोल ना तोंडानं… — मिक्सर? काय झालं मिक्सरला?… — बंद आहे?… — मी सांगितलं? केव्हा?…

…

अगं आई गं.

— मामा… मामा, तुम्ही…

ते उठलेत गं. इकडे येतायत, भिंतीला हात लावत… — पैलवान, स्टूल सरकव ते!… अगं, तू बोलू नकोस काही, थांब, मलाही सुचत नाहीये… — काय, मामा? फोन?… — बसा ना जरा आधी… — बरं. बरं. हा घ्या. कानाला नका लावू, आवाज तसाच येतो. असा समोर धरा.

बाळा, मामा बोलतायत.



हां. बोल गं पिटुकले.

…ऐकलं सगळं. मी बहिरा नाही, तो मिक्सर मला बहिरा करतो. तो बंद झाला की गोदामातला उंदीर पण ऐकू येतो मला.

रडतेस काय?… सर्दी? बरं. सर्दीला गरम पाणी पी.

लिही ते… लिही म्हणतो ना. अवलंबून? आहेच की. त्यात खोटं काय? तुझी आई वाढते, मी जेवतो. मीठ कमी असलं तर बोलतो पण… अगं, तू एवढीशी होतीस. माझ्या खांद्यावर बसून भट्टीत डोकावायचीस, माझे दोन्ही कान धरून. तेव्हा तू अवलंबून होतीस, माझ्या कानांवर. मी गेलो होतो का कुठल्या खिडकीवर लिहून द्यायला?

हां. हस.

आता ते दुसरं. 'काम करत नाही.' तेही लिही.

अगं ऐक तर… तुझ्या आईला वाटतं मला माहीत नाही. इथंच उभी आहे ती, उभी राहू दे… पिटुकले, मला ते टिंग ऐकू येतं. डोळे गेलेत, टिंग नाही गेलं. टिंग झालं की मी जरा थांबतो, हात धरतो, आणि म्हणतो 'आता'… कधीपासून काय, ही नवी भट्टी आली तेव्हापासून. हिचं दार दुहेरी आहे. बाहेरून हाताला काय कळणार, डोंबल? जुनीचं वेगळं होतं. जुनी बोलायची हाताशी.

मग म्हणतो कशाला? हे विचारलंस, बरं केलंस. अगं, ही सगळी उभी राहतात ना! टिंग झालं तरी हलत नाहीत, ट्रे धरून माझ्याकडे बघत राहतात. पीठ थोडंच थांबणार आहे कुणाची मर्जी सांभाळत? कुणीतरी म्हणायला नको? म्हणून म्हणतो.

ते काम नाही गं. कामाचा पगार घेतात. याचा कसा घेऊ? म्हणून तर ते पाकीट… हं, तेही ऐकलं मी. कोपरे झिजलेत म्हणे. नवीन आणा मग एक.

ते जाऊ दे. त्या बाई आहेत का जवळ? दे त्यांच्याकडे. पुन्हा फोन कशाला करायला लावतेस त्यांना…

हां, नमस्कार बाई… हो, मीच तो… नाही. काम करत नाही… हो. सगळं यांच्यावरच… कुणी जबरदस्ती?… नाही हो, ही माणसं कसली जबरदस्ती करतायत, मघापासून उलटंच चाललंय इथं… किती वर्षं राहतो? तुमचा जन्म झाला नसेल तेव्हापासून… आवाजावरून. चुकलो असलो तर राग नका मानू… बरं. बरं. ठेवत नाही, पोरीकडे द्या.

झालं बघ. आणि ते काचघराचं काय म्हणत होतीस?… ऊब ठेवायची… कमी-जास्त झाली तर रोपं जातात… आकडा असेल की भिंतीवर… टिंग होतं का तिथं?

नाही होत?

अरे वा. मग हातानं बघावं लागेल तुला. हे बघ, तळहात नाही धरायचा. तळहात सगळं सोसतो, त्याला काही कळत नाही. हात उलटा धर. मागची कातडी खरं सांगते… हां. तसाच. मघाशी आई सांगत होती ना, तसा.

घे, आईशी बोल. ती कणकेसारखी उभी आहे.



दे… — द्या मामा. — बसा तिथं. — नाही, काही नाही. तुम्ही बसा.

हं. मी बोलतेय.

…काही नाही. मलाही सर्दी झालीय वाटतं.

चार लिहिले का?… सही मी करते, बाबा आले की दोघं करतो. बाबांच्या फोनवर पाठव ते. नको, माझ्यावर पाठव, बाबांचा फोन गल्ल्यावरच राहतो… हं… म्हणजे अनुदान बऱ्यापैकी परत आलं. आणि कर्ज ते पडून राहणारं, पहिलं. झालं तर मग! आता काचघर कशाला? नको ना ते. पडदा ओढ आणि झोप.

आधीच हो म्हणून बसलीस?… केव्हा?… मला फोन करायच्या आधी! आणि मी इथं भाषण देतेय पडद्यावर. ऐकत होतीस गुपचूप!

अगं पण कशाला… कर्ज कमी घ्यावं लागेल, ते कळलं. पण तेवढ्यासाठी झोप कशाला मोडायची… काय?

जाग येते?

रोज?… घड्याळ न लावता?… त्याच वेळेला. हं. आणि मग काय करतेस काळोखात?… पडून ऐकतेस. काय ऐकतेस?…

…

काहीच ऐकू येत नाही म्हणून झोप लागत नाही.

…

हे आधी नाही का सांगायचं. मी इथं पहाटे पैलवानला रोज दटावते, मिक्सर हळू लाव गं, वर… आणि मग आठवतं, वर कुणी नाही.

जा मग. जा काचघरात. पण सुट्टीच्या दिवशी पडदा ओढायचा, झोप येवो न येवो… आणि स्वेटर घालून जायचं. काचघर गरम असेल, पण तिथवरचा रस्ता नसेल… आणि पोचलीस की एक फोन कर… अगं झोपमोड कुणाची होणार आहे? सगळे उभेच असतो आम्ही तेव्हा.

आणि हे बघ, त्या बाईंना सांग. त्यांच्या कागदावर चार. इथं ताटं मी सातच मांडणार… हो, तुझंही. अजून काढलं नाही. मांडते आणि उचलते. सवय आहे.

थांब.

टिंग झालं. ऐकलंस?… भट्टी तापली, दुपारचा माल जायचाय आत.

अगं… कुणी हलत नाहीये.

पैलवान ट्रे धरून उभी आहे. माझ्याकडे बघतेय. मी काय करू, मी मामांकडे बघतेय… आता तर सगळं बोलूनही झालंय ना. टिंग झालं, उचलायचे ट्रे, टाकायचे आत. कोण अडवतंय? तरी नाही… आणि मामा नुसते हसतायत. बसलेत स्टुलावर. हातही नाही धरला.

नको, ठेवू नकोस. थांब, फोन धरते तिकडे.

— मामा, म्हणा ना. पीठ खाली बसेल.

…

आता.

…

ऐकलंस ना? चल, दार उघडलं, माझे हात लागतील. जेव आधी. ठेवते.